ट्रॅक्टरवर पंपाची बॅटरी चार्ज करताना

आजच्या भागात मी तुम्हाला बॅटरीबद्दल सांगणार आहे. फवारणीच्या पंपात असते ना, विटेएवढी, काळ्या रंगाची, उचलली तर अंगापेक्षा जड लागणारी, तीच बॅटरी. आता तुम्ही म्हणाल, बॅटरीचं काय सांगायचं? चार्जिंगला लावायची, हिरवा दिवा लागला की काढायची. आम्हीही असंच समजत होतो. त्या समजुतीपायी आमच्या गटाचे पैसे गेले, आणि पैशांपेक्षा मोठं म्हणजे एका वहिनीचं मन दुखावलं. म्हणून ही गोष्ट आधी सांगते, मग माहिती सांगते.

मी बार्शीकडची. आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. गटाच्या पैशातून दोन बॅटरी पंप घेतले. ज्या सभासदाला फवारणी करायची ती दिवसाचं भाडं भरून पंप नेते. सोयाबीनला लागतो, तुरीला लागतो, हरभऱ्याला लागतो. हातानं दांडा मारायचा पंप पाठीवर घेऊन ज्यांनी फवारणी केली आहे त्यांना माहीत आहे, संध्याकाळी खांदा वर होत नाही. बॅटरीचा पंप आला आणि बायकांना खरोखर सुख झालं.

दुसऱ्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या शिवारातली डीपी जळाली. सहा दिवस लाईट नाही. सोयाबीनवर अळी आलेली, औषध आणून ठेवलेलं, आणि पंपाची बॅटरी उतरलेली. आमच्या वहिनींनी त्या दिवशी पंप नेला होता. त्यांच्या दिरानं सांगितलं, काळजी करू नका, ट्रॅक्टरवर करू चार्ज. त्यानं दोन वायरी घेतल्या, एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीला, दुसरं पंपाच्या बॅटरीला, आणि ट्रॅक्टर चालू केला. चहा घेऊन येईपर्यंत वायरीचं प्लॅस्टिक वितळलं होतं. बॅटरी हात लावता येणार नाही इतकी तापली आणि दोन्ही बाजूंनी फुगली.

गटाची बैठक झाली. सगळ्या जणी बोलल्या, मीही बोलले. गटाची वस्तू, विचारल्याशिवाय ट्रॅक्टरला लावलीच कशी? नव्या बॅटरीचे एक हजार पन्नास रुपये वहिनींकडून घ्यायचं ठरलं. त्यांनी एक शब्द न बोलता पैसे दिले. पुढच्या बैठकीला मात्र त्या आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाही. हप्ता मुलीच्या हातानं पाठवायच्या.

नवी बॅटरी आणायला मी आणि आमच्या अध्यक्षबाई बार्शीला गेलो. जुनी बॅटरी सोबत घेतली होती. दुकानाशेजारी गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका बसतात. त्यांनी ती फुगलेली बॅटरी हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, ‘ही शेवटची कधी चार्ज केली होती?’ मी म्हटलं, श्रावणात. ते म्हणाले, ‘त्याच्या आधी?’ मी गप्प झाले. कारण हरभऱ्याची फवारणी संपल्यावर दोन्ही पंप माझ्या घरी होते. माळ्यावर, पत्र्याखाली. उतरलेली बॅटरी तशीच आत. पौष ते ज्येष्ठ, अख्खा उन्हाळा तिला मी एकदाही चार्जिंगला लावलं नव्हतं. ते काय म्हणाले ते मी शेवटी सांगते. आधी बॅटरी समजून घेऊ.

ही जी बॅटरी असते ती शिशाची आणि ॲसिडची. हा प्रकार फार जुना, गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली तो शोधला. ट्रॅक्टरची मोठी बॅटरी आणि पंपातली छोटी बॅटरी, दोघी एकाच जातीच्या. फरक एवढाच, की पंपातल्या बॅटरीत ॲसिड मोकळं डुचमळत नाही, ते काचेच्या तंतूंच्या चटईत मुरवलेलं असतं. म्हणून ती सीलबंद असते, आडवी झाली तरी सांडत नाही. तिच्यात पाणी घालायचं नसतं आणि वरचं झाकण उचकटायचं नसतं. पण सीलबंद म्हणजे पूर्ण बंद नव्हे. आत छोट्या रबरी टोप्या असतात. बॅटरी जास्त तापली किंवा जास्त चार्ज झाली की त्यातून वायू बाहेर पडतो, आणि तो पेट घेणारा असतो. त्यामुळे चुलीजवळ, गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ किंवा बंद पेटीत बॅटरी कधीही चार्ज करायची नाही.

आता बॅटरीवर काय लिहिलेलं असतं ते बघा. १२ व्होल्ट आणि ८ एएच, म्हणजे आठ अँपिअर-तास. काही पंपांत १२ एएचची असते. बारा व्होल्ट म्हणजे आत सहा खण आहेत, प्रत्येक खण दोन व्होल्टचा. आठ अँपिअर-तास म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचं माप. पाण्याच्या भाषेत सांगते. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते. अँपिअर म्हणजे नळातून धार किती जाड पडते ते. आणि अँपिअर-तास म्हणजे हंडा केवढा आहे ते. पाणी उंचावरून खाली येतं, तशी वीज जास्त व्होल्टकडून कमी व्होल्टकडे जाते.

भरलेली बॅटरी चार्जिंगवरून काढून दोन-चार तास तशीच ठेवली आणि मीटर लावला, तर पावणेतेराच्या वर, म्हणजे १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते. साधारण १२.२ दाखवला तर ती अर्धी उरली आहे. ११.८ किंवा खाली गेला तर ती उतरली. हा मीटर गावातल्या वायरमनकडे असतो. गटासाठी साधा मीटर घेतला तरी महाग पडत नाही, आणि तो वाचायला दहावी पास असावं लागत नाही. आमच्या गटात आता अंगठा उठवणाऱ्या मावशीसुद्धा मीटर वाचतात.

आता गाडी काय देते ते पाहू. ट्रॅक्टर, जीप, छोटा हत्तीसारखा टेम्पो, कार, यांची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन बंद असताना ती साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट असते. इंजिन चालू झालं की त्यावरचा अल्टरनेटर फिरतो, त्याला आपल्याकडे डायनामो म्हणतात. तो १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. म्हणजे गाडी चालू असते तेव्हा तिची टाकी उंचावर असते आणि आपल्या पंपाची बॅटरी खाली. वीज आपोआप खाली येणार. म्हणूनच गाडीवर ही बॅटरी चार्ज होऊ शकते. वहिनींच्या दिराची कल्पना चुकीची नव्हती, करण्याची पद्धत चुकली.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मालट्रक आणि एसटी बस यांची वीज २४ व्होल्टची असते. तिथं दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांच्यावर आपली बॅटरी लावायची नाही, म्हणजे नाही. शंका असेल तर ड्रायव्हरला आधी विचारा.

मग सरळ वायर लावली तर बिघडतं काय? पंपाचा चार्जर असतो ना, तो धार बारीक सोडतो. आठ एएचच्या बॅटरीला एका वेळी दोन अँपिअरपर्यंत धार सोसते, आणि पाऊण-एक अँपिअर असेल तर ती सुखानं भरते. सोपा हिशोब सांगते. एएचचा जो आकडा आहे त्याचा दहावा हिस्सा उत्तम, चौथ्या हिश्श्याच्या वर कधी नाही. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीला सरळ वायर लावली की मध्ये तोटीच नाही. उतरलेली बॅटरी सुरुवातीला दहा-पंधरा अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढून घेते. बारीक वायर असली तर वायर वितळते, जाड असली तर बॅटरी तापते.

दुसरा धोका सेल्फ मारताना. ट्रॅक्टरचा सेल्फ मारला की तो शंभर अँपिअरच्या वर वीज खेचतो. त्या क्षणी मोठ्या बॅटरीचे व्होल्ट एकदम खाली येतात आणि आपली छोटी बॅटरी उलट ट्रॅक्टरला वीज द्यायला लागते. विटेएवढ्या बॅटरीनं ट्रॅक्टर ओढायचा म्हणजे काय होईल?

तिसरा धोका प्लस-मायनस उलटं लागण्याचा. तसं झालं तर गाडीचे चौदा आणि बॅटरीचे बारा मिळून सव्वीस व्होल्टचा जोर एकाच वायरीत येतो. ठिणगी उडते, वायर जळते, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ वायू साचला असेल तर स्फोटही होऊ शकतो.

यावर काकांनी आम्हाला एक साधी युक्ती दाखवली. गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब. १२ व्होल्ट, २१ वॅटचा. लाल वायरीच्या मधोमध हा बल्ब बसवायचा. वीज आधी बल्बमधून जाणार, मग बॅटरीत. बल्ब म्हणजे आपली तोटी. बॅटरी अगदी मेलेली असली तरी हा बल्ब पावणेदोन-दोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. आणि बॅटरी चांगली असेल तर साधारण अर्धा ते पाऊण अँपिअरची धार सोडतो.

वायर बनवायला काय लागतं ते सांगते, लिहून घ्या. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची लाल आणि काळी वायर, दोन-दोन मीटर. गाडीच्या बाजूला लावायला दोन चिमटे, एक लाल, एक काळा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि त्याचा होल्डर. ५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर. पंपाच्या बॅटरीला लावायला दोन पिना, ज्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं. एवढंच. जोडणी वायरिंगवाल्याकडूनच करून घ्या, त्याला अर्धा तासही लागत नाही.

फ्यूज कुठं बसवायचा हे महत्त्वाचं आहे. तो लाल वायरीत, गाडीच्या चिमट्यापासून वीतभर अंतरावर हवा. कारण वायर कुठंही दारात दबली, पत्र्याला घासली, कातडं सोललं, तर मोठ्या बॅटरीची सगळी ताकद त्या जागी येते. फ्यूज चिमट्याजवळ असला तर तो उडतो आणि पुढची सगळी वायर वाचते. फ्यूज दुसऱ्या टोकाला लावला तर मधली वायर उघड्यावरच राहिली. फ्यूज उडाला तर त्या जागी तार गुंडाळायची नाही. का उडाला ते शोधायचं.

आता लावायचं कसं, ते क्रमानं सांगते.

पहिलं, पंपातून बॅटरी बाहेर काढा. पंपाच्या तळाच्या बंद कप्प्यात ठेवून चार्ज करू नका. औषधाचे हात आधी साबणानं धुवा, बॅटरी कोरड्या फडक्यानं पुसा. बॅटरी सपाट जागी उभी ठेवा.

दुसरं, गाडीचं इंजिन बंद असू द्या. चालू इंजिनजवळ पदर, ओढणी, वेणी न्यायची नाही. पंख्याचा पट्टा कुणाला ओळखत नाही. पदर खोचा, वेणी वर बांधा. हातात धातूची बांगडी किंवा कडं असेल तर ते काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना एकाच वेळी बांगडी टेकली तर ती लालबुंद तापते.

तिसरं, आधी पंपाच्या बॅटरीला पिना लावा. लाल वायर लाल खुणेला, काळी काळ्या खुणेला. मग गाडीच्या बॅटरीच्या प्लसला लाल चिमटा. सगळ्यात शेवटी काळा चिमटा. तो गाडीच्या बॅटरीवर लावण्यापेक्षा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा. म्हणजे बारीक ठिणगी उडालीच तर बॅटरीजवळ उडत नाही.

चौथं, आता दूर व्हा आणि गाडी चालू करायला सांगा. मध्ये बल्ब आहे, त्यामुळे सेल्फ मारताना आपल्या बॅटरीवर जोर येत नाही.

पाचवं, बल्बकडे बघा. हा बल्ब आपल्याशी बोलतो. मंद तांबूस दिसला किंवा पेटल्यासारखा वाटलाच नाही, तर सगळं ठीक आहे, बॅटरी भरते आहे. इंडिकेटरसारखा लख्ख पेटला आणि पाच-दहा मिनिटांत मंद झालाच नाही, तर बॅटरीत बिघाड आहे, काढून घ्या. आणि डोळे दिपतील असा पांढरा पेटून लगेच उडाला, तर प्लस-मायनस उलटं लागलं आहे. बल्ब गेला, पण बॅटरी आणि ट्रॅक्टर वाचला. बल्ब वीस-तीस रुपयांत मिळतो. बल्ब पेटला तर तापतो, म्हणून तो भुसा, कडबा, पोतं, कापड यांच्यापासून लांब टांगा. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर दिवसभर उभा चालू असतो, तेव्हा हे विशेष जपा. तिथं चार्जिंग करायचंच असेल तर भुसा उडतो त्याच्या उलट्या बाजूला, नाहीतर करूच नका.

सहावं, गाडी बंद झाली की लगेच चिमटे काढा. आधी काळा, मग लाल. गाडी बंद असताना वायर तशीच राहिली आणि कुणी गाडीचे दिवे किंवा टेप चालू ठेवला, तर आपली भरलेली बॅटरी परत उतरते. रात्रभर तर कधीच लावून ठेवायची नाही. आणि चार्जिंग चालू असताना मधूनमधून बॅटरीला हाताचा मागचा भाग लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर काढा.

आता वेळेचा हिशोब. इथं बऱ्याच जणी फसतात. बल्बमधून तासाला साधारण अर्धा-पाऊण अँपिअर-तास वीज जाते. आपली बॅटरी आठची. म्हणजे बाजारला जीप गेली आणि जाऊन-येऊन दोन तास चालली, तर एक-सव्वा अँपिअर-तास मिळाले. आमच्या पंपाला तेवढ्यात दोन-तीन टाक्या होतात. ट्रॅक्टर दिवसभर पाळी घालत असेल आणि सहा-सात तास बॅटरी लागलेली असेल, तर ती निम्म्याला येते. पूर्ण भरायला बारा-पंधरा तास लागतात. म्हणजे गाडीवरचं चार्जिंग हे अडीअडचणीचं चार्जिंग आहे. कामाला निघालेल्या गाडीवर लावायचं. नुसती बॅटरी भरायला ट्रॅक्टर चालू ठेवायचा नाही. उभा ट्रॅक्टरसुद्धा तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल पितो. आणि ही अख्खी बॅटरी घरच्या लाईटवर भरायला वीज किती लागते? एका युनिटचा सातवा-आठवा भाग. म्हणजे एका युनिटमध्ये सात वेळा बॅटरी भरते. तेव्हा लाईट आहे तोवर घरचा चार्जरच बरा.

दुसरा एक मार्ग आहे. ज्यांना बल्ब-वायरीचा घोळ नको, त्यांनी गाडीच्या लाईटर सॉकेटला लावायचा छोटा इन्व्हर्टर घ्यावा. तो गाडीच्या विजेची घरासारखी २३० व्होल्टची वीज करतो. त्याला पंपाचा स्वतःचा चार्जर लावायचा. थोडी वीज वाया जाते, पण चार्जर धार सांभाळतो आणि बॅटरी भरली की आपोआप थांबतो. मात्र ही २३० व्होल्टची वीज घरच्या विजेसारखीच धक्का देते, ओल्या हातानं आणि पावसात वापरायची नाही.

आणि एक ताकीद. आता बाजारात लिथियम बॅटरीचे पंप आले आहेत. ते वजनाला हलके असतात. बॅटरीवर लिथियम किंवा ‘एलआय’ अशी अक्षरं असतील तर ही बल्बची वायर तिला लावायची नाही. तिला तिचाच चार्जर लागतो, नाहीतर ती पेट घेऊ शकते. आज मी सांगितलं ते फक्त शिशाच्या सीलबंद बॅटरीचं. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून किंवा शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या, पण अंदाजानं लावू नका.

आता त्या काकांचं बोलणं सांगते. त्यांनी फुगलेल्या बॅटरीला मीटर लावला. साडेदहाही दाखवत नव्हता. ते म्हणाले, ‘ताई, शिशाची बॅटरी उतरलेली ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरे खडे धरतात. पहिल्या दिवसापासून धरायला लागतात. लगेच चार्ज केली तर विरघळतात. महिनोन्महिने ठेवली की घट्ट होतात, मग सुटत नाहीत. त्यात पत्र्याखालचा उन्हाळा. हिचा एक खण आतून शॉर्ट झालेला आहे. सहा खणांना जो जोर द्यायचा तो पाचांवर पडला. ती तापणार आणि फुगणारच. ट्रॅक्टरला वायर सरळ लावली हे चुकलंच. पण ही बॅटरी त्याच्या आधीच मेली होती.’

मैत्रिणींनो, परतीच्या एसटीत अध्यक्षबाई आणि मी एक शब्द बोललो नाही. बॅटरी मारली होती मी, आणि दंड भरला होता वहिनींनी.

पुढच्या बैठकीआधी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, वहिनी, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, ‘वायर तर आमच्या भावजींनीच लावली ना.’ मी म्हटलं, लावली, पण बॅटरी माझ्या माळ्यावर सहा महिने उपाशी होती, हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं. बैठकीत मी सगळ्यांसमोर हे बोलले. निम्मे पैसे मी भरले, निम्मे गटानं. वहिनींचे एक हजार पन्नास त्यांना परत दिले. त्यांनी ते हातात घेतले नाहीत, बचतीत जमा करायला सांगितले. पण त्या दिवसापासून बैठकीला येतात. आणि पंपांची वही आता त्यांच्याकडे आहे.

त्या वहीत काय असतं ते सांगते, कारण आज तुम्हीही हे सुरू करू शकता. पंप कुणी नेला, कधी आणला, बॅटरी चार्ज करून आणली का, मीटरवर किती व्होल्ट. नियम असे ठरवले आहेत. फवारणी झाली की त्याच रात्री बॅटरी चार्जिंगला. पंपाची धार मंद झाली की तिथंच थांबायचं, पार बंद पडेपर्यंत ओढायचं नाही. हंगाम संपला की बॅटरी पूर्ण भरून, पंपातून काढून, थंड कोरड्या जागी ठेवायची, माळ्यावर पत्र्याखाली नाही. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. काम असो वा नसो, दर दोन महिन्यांनी एकदा चार्जिंग. आम्ही त्यासाठी एकादशी धरली आहे, एक सोडून एक महिना, विसरायला होत नाही. आणि पूर्ण चार्ज करून चार तासांनी मीटर साडेदहाच्या आसपासच अडकला असेल, तर एक खण गेला असं समजायचं. ती बॅटरी कशालाही जोडायची नाही.

मेलेल्या बॅटरीचं काय करायचं? फोडायची नाही. आत शिसं आहे, ॲसिड आहे. शिसं लेकरांच्या अंगात गेलं तर त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. काही जण शिसं काढून वितळवतात, जाळ्याला वजनं करतात. घरात, अंगणात, चुलीवर हे कधी होऊ देऊ नका. उकिरड्यावरही टाकू नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तिची किंमत नव्या बॅटरीत वळती करून मागा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. चुकून बॅटरी फुटून ॲसिड अंगावर आलं, तर भरपूर साध्या पाण्यानं धुवत राहा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार सोडून लगेच दवाखाना गाठा.

जाता जाता पुन्हा एकदा सांगते. ट्रक आणि एसटीवर नाही. लिथियमला नाही. सरळ वायर नाही, मध्ये बल्ब आणि चिमट्याजवळ फ्यूज. इंजिन बंद असताना जोडायचं, गाडी थांबली की काढायचं. आणि उतरलेली बॅटरी रात्र काढायला ठेवायची नाही.

तुमच्या गटात पंप असेल तर आज घरी गेल्यावर एवढंच करा. बॅटरी शेवटची कधी चार्ज केली, ते आठवा. आठवत नसेल तर आजच लावा. आणि कुणाच्या हातून गटाची वस्तू बिघडली, तर दंड ठरवायच्या आधी त्या वस्तूची आधीची हकिगत विचारा. आम्ही ती विचारली असती, तर वहिनींच्या दोन बैठका चुकल्या नसत्या.